खुब्याचं ऑपरेशन: आधी घराची उंची मोजा

खुबा बदलायचा ठरला की घरात दोनच गोष्टींची चर्चा चालते, डॉक्टर कोणता आणि खर्च किती. ऑपरेशन दीड-दोन तासांत उरकतं, चार-पाच दिवसांत सुट्टीही मिळते. पुढचे तीन महिने मात्र घरीच काढायचे असतात, आणि आपलं घर चालतं जमिनीवर. जेवायला पाट, चिरायला विळी, भाकरीला चूल, संडासला उकिडवं, निजायला बाज नाहीतर सतरंजी. नव्या सांध्याला सुरुवातीला नेमकं हेच सोसत नाही. म्हणून सांभाळणारा नवरा असो की बायको, मुख्य काम हे: जोडीदाराची बसायची-उठायची प्रत्येक जागा गुडघ्याच्या वर आणायची आणि तीन महिने ती खाली येऊ द्यायची नाही. बाकीची कामं त्याच्या मागं-पुढं येतात.

१. ऑपरेशन कोणतं आणि कुठून, हे लिहून घ्या

‘खुब्याचं ऑपरेशन’ या एका नावाखाली वेगवेगळी ऑपरेशनं चालतात. पडून मांडीच्या हाडाची मान मोडली आणि वय जास्त असलं, तर बऱ्याचदा फक्त मांडीच्या हाडाचा गोळा बदलतात, तो ज्यात फिरतो ती कमरेच्या हाडातली वाटी मूळचीच ठेवतात. सांधा झिजला असेल किंवा रक्तपुरवठा तुटून गोळा आतून ढासळला असेल, ज्याला डॉक्टर एव्हीएन म्हणतात, तर गोळा आणि वाटी दोन्ही बदलतात. हाड मानेच्या खाली मोडलं असेल तर बहुतेक वेळा सांधा न बदलता रॉड किंवा प्लेट घालतात. त्याचे नियम वेगळे असतात, हा लेख त्याला लावू नका.

डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत तिथल्या तिथं उतरवून घ्या:

- गोळा एकटा बदलणार की वाटीसकट?
- चीर मागून, बाजूने की पुढून?
- सांधा सिमेंटचा, म्हणजे हाडाला सिमेंटने चिकटवलेला, की बिनसिमेंटचा?
- पायावर किती भार द्यायचा आणि कोणत्या दिवसापासून?

दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त महत्त्व द्या. मागून चीर दिली तर जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं आणि पंजा आत वळवणं बंद. पुढून दिली तर पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं जपावं लागतं. शेजारच्या काकूंना डॉक्टरांनी वेगळं सांगितलं म्हणून गोंधळ होतो तो इथंच. दोघांचे डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात. आपल्याकडे मागची चीर बरीच चालते, म्हणून खालचे नियम तिच्या हिशेबाने दिले आहेत.

२. कागदपत्रं आणि पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, भेटा. सुरुवात डॉक्टरांपासून केली तर एक फेरी वाया जाते. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो, लातूर-नांदेडची शासकीय महाविद्यालयं असोत की यादीतला खाजगी दवाखाना, कोणत्या ठिकाणी कोणतं पॅकेज चालतं हे तोच पाहून सांगतो. त्याला नुसतं ‘खुबा’ म्हणू नका, केसपेपरवरचं निदान दाखवा. योजनेचा फोन १५५३८८. आता पांढरं रेशन कार्डही चालतं. पेशंटला ७० वर्षं पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

सोबत ठेवा:

- रेशन कार्ड, मूळ आणि दोन झेरॉक्स
- पेशंटचं आधार, मोबाईल नंबर जोडलेलं, आणि तो मोबाईल चालू स्थितीत
- तुमचं स्वतःचं आधार
- एक्स-रे आणि एमआरआयच्या फिल्म, नुसता रिपोर्ट पुरत नाही
- जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटं
- अपघात असेल तर पोलिसांत दिलेल्या नोंदीची प्रत

इथला नेहमीचा अडथळा नावाचा. रेशन कार्डावर ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’, एका ठिकाणी माहेरचं आडनाव. मंजुरी अशा फरकावर अडते, आणि पेशंट भरती झाल्यावर तहसील गाठायला कुणाला सवड नसते. तारीख घ्यायच्या आधीच सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून नाव आणि जन्मसाल ताडून पाहा. दुसरा अडथळा घाईचा: मंजुरी यायच्या आधी रोख भरून ऑपरेशन करून घेतलं, तर ते पैसे योजनेतून परत मिळत नाहीत.

खाजगी विमा असेल तर पॉलिसीतली वाट पाहण्याची अट वाचा. सांधा बदलण्यासाठी ती बहुधा दोन-तीन वर्षांची असते. अपघाताने हाड मोडलं असेल तर साधारणपणे लागू होत नाही.

रोखीने करत असाल तर अंदाजपत्रक लेखी मागा आणि सांध्याची किंमत, भूल, रक्त, खोली, फिजिओथेरपी यांतलं आत काय आणि बाहेर काय ते विचारा. सांध्याचे चार भाग असतात: कप म्हणजे वाटी, त्यातला लायनर म्हणजे अस्तर, हेड म्हणजे गोळा आणि मांडीच्या हाडात जाणारा स्टेम. किमतीतला फरक मुख्यतः हेड कशाचं, लायनर कोणता आणि सिमेंट आहे की नाही यावर पडतो. ‘इम्पोर्टेड’ हे उत्तर पुरेसं नाही.

३. ऑपरेशनच्या आधीचे तीन-चार आठवडे

हाड मोडलेल्या पेशंटला एवढा वेळ नसतो. त्याचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत होणं बरं, आणि घराची तयारी तो दवाखान्यात असतानाच कुणीतरी करावी लागते. ठरवून करायचं असेल त्यांनी महिना विचार करून निवडावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढं, पाणी टँकरचं, जखमेभोवती घाम, आणि शरीरातलं पाणी कमी झालं की पायात रक्त गोठण्याची भीती वाढते. थंडी बरी. पण कापूस वेचणीत नाहीतर ज्वारीच्या काढणीत तुम्ही रानात आणि जोडीदार घरात एकटा, असं होणार असेल तर त्या थंडीचाही उपयोग नाही. सलग सहा आठवडे तुम्ही घरी असाल तो काळ धरा.

साखर आधी आटोक्यात आणा. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साधारण ८ च्या आत आल्याशिवाय अनेक सर्जन तारीख देत नाहीत, कारण साखर चढी असली की जखम पिकते. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांतल्या चिखल्या, अंगावरचं गळू हे सगळं आधी बरं करून घ्या. शरीरात कुठंही पू असला तर तो रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतो.

तंबाखू, गुटखा, बिडी निदान चार आठवडे आधी बंद. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. बायका ती सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कधी थांबवायची ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, परस्पर बंद करू नका. सांधेदुखीवर बाजारातून आणलेल्या पुड्या किंवा बिननावाच्या गोळ्या घेतल्या असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असतं. भूल देताना ते माहीत असावं लागतं. एव्हीएन होण्यामागंही कधीकधी तेच असतं, किंवा दारू.

शेवटचं, आणि बारीक वाटेल असं: जोडवी. वर्षानुवर्षं घातलेली जोडवी, पाटल्या, अंगठी सुजलेल्या बोटातून निघत नाहीत आणि ऑपरेशनच्या सकाळी कापावी लागतात. आठवडाभर आधी साबणाचं पाणी लावून काढा. मेंदी आणि नेलपॉलिश टाळा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यामुळं चुकीचं दाखवू शकतं. मांडीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याच्या बारीक जखमांतून जंतू जातात.

४. घर वर उचला

जोडीदाराला रोजची चप्पल घालून उभं करा. जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंत टेपने मोजा. त्यात दोन ते तीन इंच मिळवा. पाच फुटांच्या बाईची वळी १६ इंचांवर आली तर तिची उंची १८ ते १९. हा आकडा भिंतीवर खडूने लिहा. पलंग, खुर्ची, संडास, अंघोळीचं स्टूल, गाडीची सीट, सगळं याच आकड्याला यायला हवं. मोजायचं ते माणूस बसल्यावर दबलेल्या उंचीला. फोमची गादी रिकामी २० इंच दिसते आणि बसल्यावर १५ होते.

पलंग. बाज चालत नाही. सुंभ असो की नवारी, मध्ये झोळ पडतो, खुबा त्यात रुततो आणि उठताना पुढं वाकावंच लागतं. दुसरी सोय नसेल तर बाजेवर जाड प्लायवुड टाकून वर काथ्याची नाहीतर कापसाची घट्ट गादी घाला, आणि उंची पुन्हा मोजा. दिवाण बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या, ठोकळ्यात पाय बसेल अशी खाच सुताराकडून पाडून घ्या. नुसत्या विटा देऊ नका, पलंग सरकला की वीट आडवी होते. पलंग कोणत्या बाजूने उतरायचा हे फिजिओथेरपिस्टला विचारून मगच भिंतीशी लावा. चुकीची बाजू भिंतीला गेली की रात्री बारा वाजता पलंग फिरवायची वेळ येते.

खुर्ची. घरोघरी असते ती प्लास्टिकची खुर्ची बुटकी, मागे कललेली, आणि शहाबादी फरशीवर तिचे पाय फाकतात. हात असलेली लाकडी किंवा लोखंडी खुर्ची हवी. उंची कमी पडली तर गोधडीची घट्ट घडी करून नाडीने खुर्चीला बांधा. सोफ्यावर तीन महिने पाहुण्यांनीच बसावं.

संडास. चुका इथंच जास्त होतात. देशी भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकलमध्ये मिळते. घ्यायच्या आधी संडासची आतली रुंदी, दाराची रुंदी आणि भांड्याशेजारचे चढ-उतार मोजून न्या. गावाकडच्या संडासचं दार पुष्कळदा दोन फुटांचं असतं आणि वॉकर जवळपास तेवढाच रुंद, त्यामुळे तो आत जात नाही. तसं असेल तर दाराजवळ आणि आत बसल्यावर हाताशी येईल असे लोखंडी कठडे गवंड्याकडून भिंतीत बसवून घ्या. नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला धरून उठणं नको, ते भार घेत नाहीत. खुर्चीचे चारही रबरी बूट फरशीवर टेकतात का, हे तुम्ही स्वतः बसून हलून पाहा. आतून कडी लावू देऊ नका. दार आत उघडत असेल तर काढून पडदा लावा. माणूस आत पडला तर तो दाराला अडतो आणि बाहेरून दार ढकलता येत नाही. टमरेल खाली नको, कंबरेच्या उंचीच्या फळीवर ठेवा. धुवायला हात पुढून न्यायचा की बाजूने, हेही फिजिओथेरपिस्टकडून करून दाखवून घ्या. लाज वाटते म्हणून कुणी विचारत नाही, आणि नको तेवढं वाकणं तिथंच होतं.

संडास परसात किंवा गल्लीपलीकडं असेल तर पहिले दोन-तीन आठवडे कमोड खुर्ची भांडं लावून खोलीतच ठेवा. पुरुषांना रात्रीसाठी युरिनपॉट पुरतो.

न्हाणी. आकड्याच्या उंचीचं, रबरी पायांचं स्टूल. बादली दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे तांब्या भरायला वाकायला नको. साबण खाली पडू नये म्हणून जुन्या मोज्यात घालून खुंटीला टांगा. गुडघ्याखालचं अंग तुम्ही धुवायचं. शेवाळ आधीच ब्लिचिंगने खरवडून काढा.

चालायची वाट. पलंगापासून संडासपर्यंतची वाट मोकळी करा. पायपुसणं, चटई, चार्जरची वायर, उंबऱ्याशी पडलेल्या चपला उचला. उन्हाळ्यात कूलरची वायर आणि त्यातून ठिबकलेलं पाणी एकाच जागी असतं, तिथं वॉकरचा पाय हमखास घसरतो. मातीची जमीन असेल तर सारवण वाळेपर्यंत पेशंटला खोलीतून हलवू नका, ओल्या जमिनीत वॉकरचे बूट रुततात. उंचवट्याच्या उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी फळीचा उतार द्या किंवा तो ओलांडणं आधीच शिकून घ्या. वीज जाते हे धरून चार्जिंगचा बल्ब संडासच्या वाटेवर लावा. लेकरं, शेळीचं करडू, मांजर पायात येणार नाही इकडं लक्ष ठेवा.

सामान. वॉकर, वर सांगितलेली कमोड खुर्ची आणि स्टूल, उचलायचा लांब चिमटा, लांब दांड्याचा शूहॉर्न, दोन उशा, मागं पट्टा असलेली न घसरणारी चप्पल. वॉकर विकत घ्यायची गरज नाही, बऱ्याच मेडिकलमध्ये महिन्याच्या भाड्याने मिळतो. पण त्याचे रबरी बूट झिजलेले असतात, ते नवे लावून घ्या. उंची अशी: पेशंट सरळ उभा, हात मोकळे सोडलेले, मुठीची दांडी मनगटाच्या रेषेला.

५. दवाखान्यातले दिवस

ऑपरेशनच्या सकाळी कोणत्या पायावर पेनाने खूण केली ते स्वतः पाहा. संमतीपत्रावर बाजू लिहिलेली आहे का, तेही.

सांध्याच्या खोक्यांवरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवतात. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. सुट्टीच्या वेळी त्या पानाची रंगीत झेरॉक्स मागा. २०१० साली धातूवर धातू घासणारा एक सांधा जगभरातून परत मागवावा लागला होता, आणि भारतात तो बसवलेल्या अनेकांचा शोधच लागला नाही, कारण कुणाला कोणता सांधा बसवला याच्या नोंदी नव्हत्या.

म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर एक-दोन रात्री भ्रम होऊ शकतो. वेळ कळत नाही, नळ्या उपटतात, घरच्यांनाही ओळखत नाहीत. बहुतेक वेळा हे जातं. चष्मा, कवळी, कानाचं मशीन लगेच द्या, दिवस-रात्र सांगत राहा आणि सिस्टरला कळवा. वाद घालू नका.

बहुधा दुसऱ्या दिवशी उभं करतात. त्याआधी पलंगाच्या कडेला पाच मिनिटं बसवून ठेवा, बीपी उतरून चक्कर येते. तुम्ही नुसतं बाजूला उभं राहण्यापेक्षा फिजिओथेरपिस्ट कुठं हात धरतो ते पाहा. उचलायचं नसतं. पेशंटच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा, काखेत हात घालून ओढलं की पेशंटचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात. सुट्टीच्या आधी पलंगावरून उठवणं, संडासला बसवणं आणि दोन पायऱ्या चढवणं हे तुम्ही स्वतः फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून दाखवा.

६. घरी आणताना

एसटी आणि रिक्षा नको. कारची पुढची सीट पूर्ण मागे सारून थोडी कलती करा, बसायच्या भागावर घट्ट उशी आणि वर प्लास्टिकची पिशवी टाका, म्हणजे अंग सरकतं. पाठ सीटकडे करून आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, पाय तुम्ही हातात धरायचे. बसल्यावर पिशवी काढून घ्या. परभणी-हिंगोलीहून संभाजीनगरला ऑपरेशन झालं असेल तर चार-पाच तासांचा रस्ता आहे. दर तासाला थांबून दोन मिनिटं उभं करा, आणि गाडीत बसल्या बसल्या पंजे वर-खाली करायला लावा. पाणी कमी पाजू नका. वाटेत संडास कुठं सापडेल या धाकाने पेशंट पाणी पीत नाहीत, त्यासाठी युरिनपॉट गाडीत असू द्या.

७. पहिले सहा आठवडे

नियम तीन, मागच्या चिरेसाठी. गुडघा खुब्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. पायावर पाय किंवा मांडी घालायची नाही. पंजा आत वळवून अंग फिरवायचं नाही. हे रोजच्या जगण्यात कुठं मोडतात ते बघा: पायात चप्पल सरकवताना, पांघरूण पायथ्याशी गेलं म्हणून ओढताना, देवाला वाकताना, मोठ्यांच्या पाया पडताना, आणि खुर्चीवर बसून मागून कुणी हाक मारली की कंबरेतून वळताना. म्हणून हाक समोरून मारा. नमाज खुर्चीवर, पूजा उभ्याने. काष्ट्याची नऊवारी सध्या नको, ती नेसताना वाकणं टळत नाही. गाऊन बरा. पायजमा, परकर चढवताना ऑपरेशनचा पाय आधी, काढताना शेवटी.

झोपताना पाठीवर, दोन पायांमध्ये उशी. कुशीवर कधी वळायचं ते डॉक्टर सांगतील, तेव्हाही उशी तशीच.

चालायचा क्रम: वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठीवर आल्यावर काठी दुसऱ्या हातात, म्हणजे उजवा खुबा असेल तर डाव्या. जवळजवळ सगळे उलट धरतात.

व्यायाम दिवसातून तीनदा, प्रत्येकी दहा वेळा: पंजे वर-खाली, गुडघा गादीकडे दाबून मांडी पाच सेकंद आवळणं, नितंब आवळणं, टाच गादीवरून थोडी नितंबाकडे ओढणं. पंजे मात्र जागेपणी तासातासाला हलवत राहा.

रक्त गोठू नये म्हणून गोळ्या किंवा पोटात इंजेक्शन देतात, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर ती साधारण ३५ दिवसांपर्यंत चालू शकतात. दुखणं थांबलं म्हणून आठव्या दिवशी ती बंद करणारे खूप. पोटातल्या इंजेक्शनची जागा चोळू नका. दुखण्याच्या गोळ्या व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी बसतील अशा वेळेला ठेवा, पण दिवसाची संख्या तीच. यातल्या काहींनी पोट बांधून येतं. पाणी, पपई, इसबगोल पहिल्या दिवसापासून सुरू करा, कारण कुंथणाऱ्या माणसाला पुढं वाकू नको म्हणणं अवघड.

टाके किंवा क्लिपा साधारण १२ ते १४ दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी. हळद, तेल, पावडर, राख काही लावायचं नाही. मालीशवाल्या बाईला घरात बोलवायचं नाही, आणि ‘शेकलं की सुटतं’ म्हणणाऱ्या पाहुण्याला चहा द्या आणि विषय बदला. भेटायला येणाऱ्यांची संध्याकाळची एक वेळ ठरवा. पलंगावर कुणी टेकायचं नाही.

बायकोचं ऑपरेशन असेल तर नवऱ्याने स्वयंपाकघर आधी समजून घ्यावं. भात, खिचडी, पिठलं आठवड्यात जमतं. भाकरी थापायला तीन महिने पुरत नाहीत, डबा लावा. ती चालायला लागल्यावर ओट्याशी उभी राहून काही करू म्हणेल, तर करू द्या, पण मीठ-मसाल्याचे डबे कंबर ते खांद्याच्या मध्ये आणून ठेवा. घागर, पिठाचा डबा, गॅसची टाकी नाही.

८. हे दिसलं तर वाट बघू नका

- पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखते: त्याच दिवशी दवाखाना.
- अचानक दम लागला, छातीत दुखलं: १०८ ला फोन, गाडी शोधत बसू नका.
- पाचव्या-सहाव्या दिवसानंतर जखमेतून पाणी किंवा पू, लाली पसरणं, १०१ च्या वर ताप: ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच दाखवा. गावात अँटिबायोटिकची इंजेक्शनं घेत बसलं की आतला संसर्ग झाकला जातो आणि पुढं सांधा काढावा लागू शकतो.
- ‘कट’ झाल्यासारखं होऊन भयंकर दुखलं, पाय आखूड आणि आत वळलेला दिसतो: सांधा निसटला आहे. पाय ओढू नका, सरळ करू नका, हाडवैद्याला हात लावू देऊ नका. पायाखाली उशी देऊन आहे त्या अवस्थेत न्या, आणि पाणी-चहा देऊ नका, भूल द्यावी लागेल.

९. सांभाळणाऱ्याचं

तुमचंही वय बहुधा साठीच्या आसपास आहे. तुमच्या बीपी-शुगरच्या गोळ्या जोडीदाराच्या गोळ्यांच्याच डब्यात, वेगळ्या रंगाच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर त्याच आधी विसरल्या जातात. रात्री पहिले दहा दिवस तीन-चारदा उठावं लागतं, म्हणून दुपारून दीड तास झोप ठरलेली. लेकरं पुण्या-मुंबईला असतील तर सगळ्यांना पहिल्या आठवड्यात बोलावू नका. एकाने पहिल्या, दुसऱ्याने तिसऱ्या आठवड्यात यावं, कारण तिसऱ्या आठवड्यात येणारं-जाणारं कमी होतं आणि तुम्ही थकलेले असता.

जोडीदार वजनाने भारी आणि तुम्ही सडपातळ असाल तर पडताना सावरायला जाऊ नका, दोघंही पडाल. पट्टा धरून अंगाशी टेकवत हळू खाली बसू द्या, मग मदत बोलवा.

१०. सहा आठवड्यांनंतर

एक्स-रे आणि तपासणी साधारण सहा आठवड्यांनी, पुन्हा तीन महिन्यांनी, मग वर्षाने. वॉकर सुटून काठी येते, आणि काठीही हळूहळू सुटते. गाडी चालवणं डॉक्टरांच्या परवानगीने. मोटरसायकलवर पाय टाकून बसण्यात खुबा पूर्ण फाकतो, तिला सगळ्यात शेवटी हात लावा. रानात फेरी मारायला हरकत नाही, पण ओल्या बांधावर आणि नांगरटीच्या ढेकळांत काठीचाही भरवसा नाही. तुळजापूरच्या पायऱ्या तीन महिन्यांनंतर.

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल डॉक्टर आपणहून बोलत नाहीत. साधारण सहा आठवड्यांनंतर, दुखत नसेल तर चालतं. ज्याचं ऑपरेशन झालंय त्याने पाठीवर राहावं, बाईचं झालं असेल तर गुडघे फार वर घेऊ नयेत आणि मांड्यांच्या बाहेरून उशा द्याव्यात.

मांडी घालून जमिनीवर बसता येईल का, हा प्रश्न तीन महिन्यांच्या तपासणीत विचारा. काही सांध्यांना आणि काही पेशंटना डॉक्टर परवानगी देतात, अनेकांना कायमचं नाही म्हणतात. उत्तर मिळेपर्यंत कमोड खुर्ची परत करू नका. पुढं कधी दात काढायचा असेल किंवा दुसरं ऑपरेशन निघालं तर खुबा बदललेला आहे हे आधी सांगा, आणि ती स्टिकरची झेरॉक्स, पहिला आणि वर्षाचा एक्स-रे एकाच पाकिटात रेशन कार्डाशेजारी ठेवा.